व्याकरणाचा तास कशासाठी?



पालकसभेत अलीकडे एक सूचना वारंवार येते. मुले घरी थोडेबहुत मराठी बोलतात, तेवढे पुरे; व्याकरणाचा तास गणिताला द्यावा. विश्वस्तांपैकीही काहींना हे पटते. मला पटत नाही.

व्याकरण म्हणजे सुटे करून पाहणे. बोलताना जे आपोआप घडते, ते उलगडून दाखवणे. पुण्यातल्या मुलाला 'माझे पुस्तक' कानानेच कळते. इंदूरच्या मुलाच्या कानावर दिवसभर 'मेरी पुस्तक' पडते, म्हणून तो 'माझी पुस्तक' म्हणतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही. हा मुलाचा आळस नव्हे. एका भाषेचा नियम दुसरीत शिरला आहे. 'मीने पोळी खाल्ली' हेही तसेच. 'मैंने रोटी खाई' आणि 'मी पोळी खाल्ली', दोन्हीकडे क्रियापद रोटी-पोळीच्याच मागे जाते. फक्त मराठीत 'त्याने'ला लागणारा 'ने' 'मी'ला लागत नाही. ही वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली की मुलांना स्वतःलाच फरक दिसतो. नुसत्या लाल शाईने दिसत नाही.

आणि 'आम्ही' व 'आपण'! हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. 'आपण राजवाड्यावर जाऊ' म्हटले की समोरचा बरोबर आला. 'आम्ही जातो' म्हटले की तो घरीच राहिला. नातू 'आजी, आम्ही जेवतो' म्हणाला तर आजीचे पान मांडलेलेच नाही. त्याच्या मनात तसे नसते, पण आजीला लागते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. संधी, समास, कारक मी हिंदीतून शिकलो आणि तीच शिदोरी पुढे मराठीला कामी आली. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) लिहिणारे मोरो केशव दामले काही वर्षे उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवीत होते. तेव्हा हा विषय माळव्याला परका आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये.

पालकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. विभक्तीचे तक्ते पाठ करवून मुले कंटाळतात. ते पाठांतर कमी करू. येत्या सत्रापासून सहावी ते आठवीचा हा तास हिंदी आणि मराठीच्या शिक्षिका मिळून घेतील. घरी मूल 'माझी पुस्तक' म्हणाले तर कृपया हसू नका. 'कुठे ठेवलेस तुझे पुस्तक?' एवढेच विचारा.