सी-फेसिंग प्लॉट, तोही स्क्रीनवर!

सोळा एकर जागा. चारही बाजूंनी समुद्र. सोसायटीची मीटिंग नाही, पार्किंगवरून भांडणारे काका नाहीत. लोकेशन सांगू? अलिबाग नाही, मुरुड नाही. अमेरिकेतल्या एका कंपनीचा सर्व्हर!

हसू नका. नोव्हेंबर २००६मध्ये ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन जगात असं एक नवं बेट घ्यायचं तर १६७५ डॉलर मोजावे लागत. वर दर महिन्याला २९५ डॉलर वेगळे. आणि लोक ते मुकाट्यानं मोजत होते!

मला या व्हर्च्युअल जगातल्या धंद्याचं भारी कुतूहल आहे. तिथले थ्रीडी डोंगर आणि धबधबे राहू देत बाजूला. पैसा नक्की कुणाच्या खिशातून निघतो आणि कुणाच्या खिशात जातो, ते मला बघायचं असतं. कारण दर काही वर्षांनी हा विषय नवं नाव घेऊन परत येतो. तेव्हा सेकंड लाइफ होतं, २०२१मध्ये मेटाव्हर्स आलं. आणि दर वेळी कुणीतरी पगारदार दोस्त ईएमआय कापून उरलेल्या चार पैशांकडे बघत विचारतो, “टाकू का रे थोडे?”

तर मंडळी, आधी थोडा हिशेब समजून घेऊ.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबनं जून २००३मध्ये सेकंड लाइफ सुरू केलं. इथं राक्षस मारायचे नाहीत की लेव्हल पार करायची नाही. आपला अवतार घ्यायचा आणि चक्क राहायचं. घरं, गाड्या, कपडे, अगदी केससुद्धा रहिवाशांनीच बनवायचे. नोव्हेंबर २००३मध्ये कंपनीनं जाहीर केलं की, तुम्ही जे बनवाल त्याचे हक्क तुमचे. शिवाय तिथलं चलन, म्हणजे लिंडन डॉलर, खऱ्या डॉलरमध्ये बदलून मिळायचं. भाव साधारण एका डॉलरला २५० ते २७० लिंडन. बनवा, विका, पैसे घरी न्या. बाजार उभा राहायला आणखी काय लागतं?

या बाजारातली पहिली स्टार म्हणजे ऐलिन ग्रेफ. मूळची चीनची, राहायला जर्मनीत, आणि अवताराचं नाव अ‍ॅन्शे चंग. ९ डॉलर ९५ सेंटच्या खात्यापासून तिनं सुरुवात केली. घाऊक जमीन घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे, छान सजवायचे आणि विकायचे किंवा भाड्यानं द्यायचे. आपल्याकडचा बिल्डर वेगळं काय करतो? मे २००६मध्ये ती ‘बिझनेसवीक’च्या कव्हरवर झळकली. नोव्हेंबरमध्ये तिनं जाहीर केलं की, तिची मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर गेली आहे. मात्र त्यातला मोठा भाग तिथल्याच जमिनी आणि मॉल. म्हणजे कागदावरची किंमत, तीही कागद नसलेल्या जागेची!

ही बातमी फुटली आणि मोठमोठ्या कंपन्यांची रांग लागली. आयबीएम, डेल, टोयोटा, आदिदास, सगळे आले. रॉयटर्सनं ऑक्टोबर २००६मध्ये तिथं चक्क न्यूज ब्युरो उघडला. स्वीडननं २००७मध्ये दूतावास थाटला. अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या ब्रँडनं जून २००६मध्ये झोकात दुकान सुरू केलं आणि वर्षभरात शटर खाली ओढलं.

का बरं? माझ्या मते कारण साधं आहे. अवताराला थंडी वाजत नाही आणि त्याचा टीशर्ट कधी विरत नाही. तिथं लोक कपडे घ्यायचे ते ऑफिसात कधीच घालता येणार नाही असं काहीतरी मिरवायला. पंख, शेपटी, जमिनीवर लोळणारा झगा. हे तिथं रोज संध्याकाळ घालवणाऱ्या कारागिरांना ठाऊक होतं, ब्रँड मॅनेजरला नव्हतं. शिवाय एका बेटावर एका वेळी जेमतेम शंभर अवतार मावायचे. पन्नास-शंभर गिऱ्हाइकांत ‘लाखोंपर्यंत पोचणारी’ जाहिरात कशी व्हायची?

कारागीर मात्र कमवत होते. एकदा झगा डिझाइन केला की पुढच्या प्रत्येक कॉपीचा खर्च शून्य. पण बेट परवडणं वेगळं. झगा एक डॉलरला विकला, तर २९५ डॉलर भरायला रोज दहा झगे खपायला हवेत, तेही नुसत्या भाड्यापुरते. म्हणून शहाणी माणसं बेटाच्या भानगडीत न पडता कुणाच्या तरी मॉलमध्ये छोटासा गाळा भाड्यानं घ्यायची.

आता खरी गोम. या जगात घरमालक एकच, आणि नियम त्याचे. जुलै २००७मध्ये कंपनीनं जुगारावर बंदी घातली, कॅसिनो एका फटक्यात बंद. पुढच्याच महिन्यात जबरदस्त व्याज देणारी ‘गिंको फायनान्शियल’ बुडाली. ठेवीदारांचे सुमारे साडेसात लाख डॉलर अडकले. जानेवारी २००८पासून परवाना नसलेल्या बँकाच हद्दपार झाल्या. ऑक्टोबर २००८मध्ये स्वस्तातल्या बेटांचं भाडं महिन्याला ७५वरून १२५ डॉलर करायचं जाहीर झालं. रहिवासी खवळले, पण जाणार कुठे? इथली भिंत उचलून दुसऱ्या जगात नेता येत नाही.

मार्क ब्रॅग नावाच्या वकिलाचं तर खातंच कंपनीनं २००६मध्ये बंद केलं. त्यानं जमीन आडमार्गानं मिळवली, असं कंपनीचं म्हणणं. खात्यासोबत जमिनी आणि शिल्लकही गेली. तो कोर्टात गेला. कंपनीच्या करारातली लवादाची अट अन्यायकारक आहे, असं कोर्टानं मे २००७मध्ये म्हटलं. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली आणि जमीन नक्की कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला. गिरगावातल्या पागडीच्या भाडेकरूला निदान भाडेनियंत्रण कायद्याचा आधार होता. इथं काय? ‘आय अ‍ॅग्री’वर न वाचता केलेलं क्लिक!

पुढची लाट आली तेव्हाही कथा फार बदलली नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये फेसबुकनं नाव बदलून मेटा केलं. नोव्हेंबरमध्ये डिसेंट्रालँडमधली जमीन सुमारे २४ लाख डॉलरला गेली. एप्रिल २०२२मध्ये मेटानं सांगितलं की, होरायझन वर्ल्ड्समधल्या विक्रीतून एकूण साडेसत्तेचाळीस टक्क्यांपर्यंत कपात होईल. शंभरातले जवळजवळ निम्मे गेले! त्याच वर्षी मेटाच्या या विभागाला सुमारे १३७० कोटी डॉलरचा तोटा झाला. उलट रोब्लॉक्सनं २०२३मध्ये गेम बनवणाऱ्यांना सुमारे ७४ कोटी डॉलर वाटले. तिथं पोरं रोज खेळायला येतात, म्हणून पैसा फिरतो. गर्दी आधी, गल्ला नंतर.

तेव्हा त्या दोस्ताला माझं उत्तर असं. थ्रीडी मॉडेलिंग येत असेल, कोडिंग येत असेल, तर वीकेंड जरूर घाल. कंपनी उद्या बुडाली तरी ते कौशल्य तुझ्याकडेच राहील. पैसे जमिनीत घालणार असशील, तर आधी तीन गोष्टी बघ. इथं लोक रोज येतात का? कमाईतले किती टक्के मालक कापतो? आणि कमावलेलं रुपयांत करून आपल्या बँकेत आणता येतं का? क्रिप्टोवाला प्लॉट असेल, तर नफ्यावर २०२२पासून आपल्याकडे ३० टक्के कर आहे, तोही हिशेबात धर.

सेकंड लाइफ आजही चालू आहे बरं का. ब्रँडवाले कधीच गेले. झगे शिवणारे अजून आहेत.