तहान आणि विहीर

वाचकहो, दिवाळीच्या अंकात प्राणवायूची गोष्ट कशाला, असे आपण म्हणाल. पण चार दिवस घर आवरताना जुना हिशेब हाती लागतोच. तसाच हा लागला.

एप्रिल २०२१. आमच्या वाड्यातल्या अण्णांसाठी रिकामा सिलिंडर घेऊन मी भर उन्हात रांगेत उभा होतो. पुढच्या गृहस्थांचा फोन वाजला. त्यांनी नुसते ‘हं’ म्हटले, सिलिंडर उचलला आणि रांग सोडली. ‘तुम्ही व्हा पुढे’ एवढेच बोलले. त्यांची जागा मला मिळाली. अण्णा वाचले, पण ती जागा मला अजून टोचते.

देशात प्राणवायू नव्हता काय? होता. पण तो होता विशाखापट्टणम, राउरकेला, जमशेदपूर अशा पूर्वेकडच्या पोलाद-कारखान्यांत आणि धाप लागली होती मुंबई-दिल्लीला! द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंशांवर ठेवावा लागतो. त्याचे टँकर खास घडणीचे आणि मोजकेच. शेवटी १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला धाडले. पुलांखालून आणि विजेच्या तारांखालून जावे म्हणून त्यांची उंची आधी मोजली. घाट टाळून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर, रायपूर असा वळसा घेतला. भरून परतले तेव्हा तीन नागपूरला उतरले, चार नाशिकला.

त्याच महिन्याच्या अखेरीस पवईच्या आय. आय. टी.मधून दुसरी वार्ता आली. हवेत नत्रवायू ७८ टक्के आणि प्राणवायू २१. अनेक कारखान्यांत हवेतून नत्रवायू काढणारे संच असतात. त्यांतली कार्बनची चाळणी प्राणवायू अडवते, नत्रवायू सोडते. प्रा. मिलिंद अत्रे यांच्या मंडळींनी त्या जागी झिओलाइटची चाळणी बसवली. आता नत्रवायू अडला आणि प्राणवायू बाहेर आला, ९३ ते ९६ टक्के शुद्ध! गृहिणीने पिठाची चाळण बदलावी, इतकी साधी ही युक्ती. अर्थात ती सुचायला आयुष्यभराचा अभ्यास लागतो.

पण असे संच आहेत कुठे? ते प्राध्यापकांना कसे कळावे? ती यादी सरकारजवळ होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरी कारखान्यांची नोंद होती. त्यातून बदलण्याजोगे संच हुडकले गेले. युक्ती एका घरी, यादी दुसऱ्या घरी. दोन्ही एकत्र आल्या, तेव्हा काम मार्गी लागले.

माझी तक्रार एवढीच की, ही गाठ आग लागल्यावर पडली. प्रयोगशाळा तीच होती, दप्तरही तेच. वर्षभर आधी या मंडळींनी एका टेबलाशी बसून ‘उद्या टँकर पुरले नाहीत तर?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर? तहान लागल्यावर विहीर खणणे ही आपली जुनी खोड. आणि पाणी लागले की कुदळ माळ्यावर टाकणे ही त्याहून जुनी.

शेजाऱ्याकडे फराळाचे ताट आपण दरसाल पाठवतो, अडचण पडण्याची वाट पाहत नाही. विद्यापीठ आणि मंत्रालय यांच्यातही तसे ताट दरसाल फिरावे. नाहीतर पुन्हा कुणाला तरी रांग सोडावी लागेल.