खिशातील पाटी

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना वाटेत चितेगाव लागते. या गावातील व्हिडिओकॉनच्या कारखान्यात अनेक वर्षे दूरचित्रवाणी संच तयार होत असत. दूरचित्रवाणीचा धर्म दाखविण्याचा. आपले काम केवळ पाहण्याचे. आज घरोघरी मोबाइल फोन आला आहे, आणि त्याचाही उपयोग आपण बहुधा दूरचित्रवाणीसारखाच करतो. वास्तविक तो एक संपूर्ण संगणक आहे. त्याच्याकडून काम करवून घेण्याची विद्या मुलांना मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विद्येचे एक दार अलीकडे उघडले आहे. टेबलावरील संगणक ज्या संचालन प्रणालीवर चालतो, ती आता काही फोनांच्या आतही चालविता येते. या युक्तीला ‘आभासी यंत्र’ म्हणतात. जुन्या वाड्यात मालकाच्या घराशेजारी एखादे बिऱ्हाड असे. वाडा एकच, परंतु बिऱ्हाडाची चूल निराळी, दाराची कडी निराळी. त्याचप्रमाणे फोनच्या स्मृतीचा व साठ्याचा थोडा भाग वेगळा काढून त्यात दुसरा संगणक नांदविता येतो.

ही कल्पना जुनी आहे. १९७२ साली आयबीएम कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिच्यामुळे एकच प्रचंड यंत्र अनेक माणसांना स्वतंत्र यंत्रांसारखे वापरता येऊ लागले. जे तेव्हा अवाढव्य यंत्रांनाच साधत असे, ते आज तळहातावर आले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका प्रोग्रॅमरने पिक्सेल ६ या फोनवर विंडोज ११ चालवून दाखविले. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनांत ‘टर्मिनल’ नावाची सोय दिली. तिच्यात डेबियन ही लिनक्स कुळातील मुक्त प्रणाली चालते. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे, आणि तिच्यात मराठीतून काम करता येते.

कोणी विचारील, “एवढा खटाटोप कशासाठी?” माझे उत्तर असे की, मुलाला चुकण्यासाठी जागा हवी. पाटीवर अक्षर चुकले तर ते पुसून पुन्हा गिरविता येते. म्हणूनच पाटीवर हात निर्भयपणे चालतो. घरातील एकुलत्या एक फोनची गोष्ट निराळी. त्यात आजोबांची छायाचित्रे असतात, वडिलांचे पैशांचे व्यवहार असतात. त्यात काही नवे करून पाहण्यास मूल धजत नाही. आभासी यंत्र ही त्या फोनमधील पाटीच होय. एखादी आज्ञा चुकली आणि आतील सारी व्यवस्था कोसळली, तरी ते यंत्र पुसून नवे उभारता येते. बाहेरचा फोन चालूच राहतो. फोनचा जो कप्पा आपण त्या यंत्राला उघडून दिला असेल, तो तेवढा जपावा.

यात अडचणीही आहेत. सर्व फोनांत ही सोय नाही. फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते, लहान पडद्यावर डोळे शिणतात आणि नीट लिहिण्यासाठी जोडीला कळफलक लागतो. म्हणून “फोन आहे, मग शाळेत संगणक कशाला?” असे कोणी म्हणू लागल्यास ते मला मुळीच मान्य नाही. शाळेतील संगणक-कक्ष हवाच. परंतु तेथील तास ठरलेल्या वेळी संपतो; शंका मात्र रात्री जेवताना सुचते. ती पडताळून पाहण्याचे साधन घरीही असावे.

तेव्हा मुलांनो, आईवडिलांची अनुमती घ्या, वेळेची मर्यादा पाळा आणि एखादी लहानशी आज्ञा आपल्या हाताने लिहून पाहा. चुकली तर पुसा, पुन्हा लिहा. ज्या गावाच्या हातांनी इतरांसाठी संच घडविले, त्या गावाची मुले नुसती पाहणारी राहू नयेत.