एका नळीवर सगळा भार कशाला?

ऐन पावसाळ्यात हवामानाचं रडार बंद पडलं की बातमी होते, पण ते का पडलं हे फारसं कुणी विचारत नाही. जुन्या धाटणीच्या रडारात सगळी मदार क्लायस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉन नावाच्या एकाच निर्वात नळीवर असते. तिला हजारो व्होल्ट लागतात. ती गेली की नवी बसेपर्यंत रडार आंधळं.

याला उपाय आहे आणि तो देशात वापरून झालेला आहे. तिरुपतीजवळ गादंकीला वातावरणाचा वेध घेणारं एमएसटी रडार आहे. ते ५३ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे हवामानाची रडारं वापरतात त्या मायक्रोवेव्हच्या बरंच खाली चालतं, पण मुद्दा तोच. मूळ रडार पवईच्या ‘समीर’ संस्थेनं उभारलं. त्याच्या १,०२४ अँटेनांना पूर्वी ३२ मोठे नळीचे ट्रान्समीटर शक्ती पुरवायचे. आता प्रत्येक अँटेनाला स्वतःचं एक किलोवॅटचं सॉलिड-स्टेट, म्हणजे नळीऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारं, मॉड्यूल आहे. त्यातली दहा बिघडली तरी एकूण शक्ती जेमतेम एक टक्क्यानं घटते, आणि निरीक्षण चालू राहतं.

यात एक अडचणही आहे, ती झाकू नये. ट्रान्झिस्टरला नळीसारखा क्षणिक प्रचंड झटका देता येत नाही, म्हणून स्पंद लांबवावा लागतो. स्पंद ४० मायक्रोसेकंदांचा असेल तर तेवढा वेळ रिसीव्हर बंद, म्हणजे जवळचे सहा किलोमीटर दिसतच नाहीत. त्यासाठी वेगळा आखूड स्पंद सोडतात. लांब स्पंद गणितानं आवळताना जोरदार ढगाचा प्रतिध्वनी शेजारच्या हलक्या सरीवर सांडतो, तोही आवरावा लागतो. ही कामं अभियंत्यांना जमलेली आहेत.

ट्रान्झिस्टरही सुधारले. त्यांच्यासाठी वापरलं जाणारं गॅलियम नायट्राइड हे गॅलियम आर्सेनाइडपेक्षा जास्त व्होल्टेज सोसतं. डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेनं १५० वॅटपर्यंतचे असे ट्रान्झिस्टर बनवल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

मग अडतं कुठे? माझ्या मते, खरेदीच्या कागदावर. निविदेत किंमत ठळक असते, बंद पडण्याचे तास नसतात. कोकण-मुंबईसाठी पुढचं रडार घेताना हवामान खात्यानं तीन अटी घालाव्यात: ट्रान्समीटर सॉलिड-स्टेट हवा, सुटी मॉड्यूल्स केंद्रावरच हवीत आणि रडार किती तास चालू होतं याचा आकडा दर महिन्याला जाहीर व्हावा.