उन्हं डोक्यावर येऊ द्या

माघातल्या रविवारी खेट्याला, म्हणजे जोतिबाच्या पायी वारीला, निघालेली माणसं अंधारातच कोल्हापुरातला पंचगंगेचा घाट सोडतात. वडणगे, कुशिरे, गायमुख करत उजाडता उजाडता जोतिबाचा डोंगर चढतात, दर्शन घेतात आणि ऊन तापायच्या आत खाली येतात. परतताना त्यातले काहीजण केर्लीजवळच्या माझ्या मेडिकलमध्ये थांबतात. गुडघ्याचा स्प्रे, क्रेप बँडेज आणि अलीकडे हमखास ‘ती साठ हजारची पुडी’, म्हणजे साठ हजार युनिट ड जीवनसत्त्वाची. “वहिनी, एवढं पहाटेचं चालतोय, कोवळं ऊन घेतोय, तरी रिपोर्टात डी कमीच कसं काय?”

कोवळं ऊन घेताय म्हणूनच. कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील किरणांतल्या ‘बी’ पट्ट्यामुळे. सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातून तिरके येतात आणि वाटेतल्या ओझोनमध्येच जवळजवळ सगळे अडकतात. जमिनीवर ते पुरेसे पोचतात सूर्य वर चढल्यावर, साधारण दहा-अकरा ते दुपारी दोन-तीनपर्यंत. घड्याळ नको असेल तर सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असली की ते ऊन कामाचं. सकाळी सातच्या उन्हात ऊब मिळते, मन प्रसन्न होतं, पण हाडांच्या खात्यात फारसं काही जमा होत नाही. काचेतून आलेल्या उन्हाचंही तेच, कारण काच हे किरण अडवते. तरीही दवाखान्यापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळे कोवळं ऊनच सांगत सुटलेत, आणि शाळांची कवायतही सकाळीच उरकते. मधली सुट्टी वर्गात डबा खाऊन संपण्यापेक्षा त्यातली वीस मिनिटं मैदानावर जावीत, एवढं शाळांनी करायला काय हरकत आहे?

ड कमी असण्याचा हा आजार शहरातल्या एसीवाल्यांचा, अशी इकडं समजूत आहे. मुंबईच्या केईएममधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये १,१३७ धडधाकट तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ७० टक्क्यांच्या रक्तात ड मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली होतं. पण त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट नाशिकची आहे. हचिसन आणि शहा या अभ्यासकांनी १९२२ साली तिथल्या मुडदुसावर, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं पोरांची हाडं मऊ पडण्यावर, लिहिलं. खातापिता, पण पडद्यातला वर्ग मुडदुसानं ग्रासलेला आणि कमी खाऊन उन्हात राबणारी गरीब माणसं त्यातून सुटलेली, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेत मॅककॉलम या शास्त्रज्ञांनी कॉडलिव्हर तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा दाखवला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच एका गावात उन्हाचं उत्तर सापडलेलं होतं.

ते अर्धं उत्तर होतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका पडद्यात नाहीत. दिवसभर उसात भांगलण करतात. पण उसाचा पाला कापतो म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट टॉवेल असतो. ऊन लागतं ते चेहऱ्याला आणि पंजांना. रंग सावळा, म्हणजे वेळही जास्त लागणार. पुढे आषाढ-श्रावणात डोंगर धुक्यात बुडाला की आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी काढलेला रिपोर्ट उन्हाळ्यातल्यापेक्षा खाली येणारच.

आणि कॅल्शियमचं काय? ड जीवनसत्त्वाचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस आत घेणं. जेवणातच कॅल्शियम नसेल तर शरीर हाडातून ते काढतं आणि त्या ओढाताणीत साठलेलं ड जीवनसत्त्वही लवकर संपतं. तिरुपतीच्या परिसरातल्या अभ्यासांमध्ये भरपूर उन्हाच्या प्रदेशातही हेच चित्र दिसलं. आहारात कॅल्शियम कमी आणि धान्यातलं फायटेट उरलंसुरलं कॅल्शियम बांधून ठेवणारं. आमच्याकडे दारात म्हैस असते, पण दूध सकाळ-संध्याकाळ संस्थेत जातं आणि घरात उरतं चहापुरतं. दुधाच्या जिल्ह्यात दूध काढणारीच्या वाट्याला ग्लासभर येत नाही, याची मला रिपोर्टातल्या आकड्यापेक्षा जास्त चीड येते. मोठ्या माणसाला दिवसाला एक ग्रॅम कॅल्शियम हवं. एका ग्लास दुधातून त्याचा जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि आंबील आंबवल्यावर फायटेटही कमी होतं. तीळ आहेत, आठवडी बाजारातला जवळा आहे. पांढऱ्या रश्श्यानं मात्र हाडं मजबूत होत नाहीत. नळी उकळून कॅल्शियम फारसं रश्श्यात उतरत नाही. कोल्हापुरात हे बोलणं धाडसाचं आहे, पण रस्सा चवीसाठी खावा.

पुडीला माझा विरोध नाही. मुडदूस झालेलं पोर, मऊ पडलेली हाडं, फार म्हातारी माणसं यांना औषध हवंच, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला रोजचे थेंब. पण धडधाकट माणसानं दोन-तीन दिवसांची मजुरी तपासणीवर घालवावी कशाला? अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनंच २०२४ मध्ये निरोगी माणसांची सरसकट तपासणी नको म्हटलं आणि पुरेसं ड ठरवणारा आपला ३० नॅनोग्रॅमचा जुना उंबरठाही सोडून दिला. उलट, आठवड्याची पुडी रोज घेणारे मी पाहिलेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. मग रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता सुरू होते आणि शेवटी मूत्रपिंडावर येतं.

म्हणून पुडी मागणाऱ्याला मी आधी विचारते, डॉक्टरांची चिठ्ठी कुठाय आणि याआधी किती घेतल्या. बरेचजण सांगतात. काहीजण वैतागतात, गाडीला किक मारतात आणि पुढच्या दुकानात जातात. तिथं काही न विचारता मिळते.