मैदानाबाहेर बसविलेले मूल

नरखेड तालुका म्हणजे संत्र्याच्या बागांचा प्रदेश. तोडणी सुरू झाली की जलालखेडा, मोवाड परिसरातील अनेक आईवडील सकाळीच शेताची वाट धरतात. अशा घरातील बौद्धिक दिव्यांग मूल पुष्कळदा आजीच्या नजरेखाली ओसरीवर बसून राहते. शाळेत गेले, तरी खेळाच्या तासाला ‘पडेल, लागेल’ म्हणून त्याला बाजूस बसविले जाते. यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु या मायेची किंमत त्या मुलालाच मोजावी लागते.

बाकावर ताठ बसणे, पेन्सिल धरणे, लक्ष टिकविणे ही कामे शरीराचीही आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू बहुधा जन्मतः शिथिल असतात. हालचाल नसेल तर ते अधिक दुर्बल होतात, मूल लवकर थकते, आणि थकलेल्या मुलाला आपण ‘मंद’ ठरवितो. व्यायामाने गणित आपोआप येते, असा आमचा दावा नाही. मात्र चेंडू मोजत फेकणे, डावे-उजवे ओळखणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे धडे मैदानावरच सहज रुजतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिव्यांग मुलांसाठीही दररोज सरासरी ६० मिनिटांच्या शारीरिक हालचालीची शिफारस केली. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम १६ नुसार शासनमान्य व अनुदानित शाळांनी या मुलांना शिक्षणाबरोबरच खेळाचीही समान संधी द्यावयाची आहे. १९६८ साली शिकागो येथे सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्सने तर ही मुले काय करू शकतात, हे जगाला दाखविले आहे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. हृदय व मानेची वैद्यकीय तपासणी मात्र आधी करून घ्यावी; डाउन सिंड्रोममध्ये ती विशेष आवश्यक आहे. त्यानंतर चालणे, चेंडू, दोरी आणि सोबतीला एक वर्गमित्र एवढे पुरे.

पालकांस व शिक्षकांस आमची विनंती एवढीच : प्रगतिपुस्तकातील गुण पाहण्यापूर्वी, खेळाच्या तासाला हे मूल कोठे होते, ते विचारावे.