एका स्टेशनाचं अंतर

बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून त्यांचंच नाव आहे. सेक्रेटरी जिन्यात गाठ पडली की विचारतात, "काय, कागद कधी देताय?" मी म्हणतो, "या आठवड्यात नक्की." कुठल्या आठवड्यात, हे विचारणं त्यांनी आता सोडून दिलंय.

काम ते केवढं! अर्ज भरायचा, दाखल्याची प्रत जोडायची आणि ताईची सही आणायची. ताई वांद्र्याला, म्हणजे एक स्टेशन. पण चालढकल करणाऱ्याला माहीमसारखं सोयीचं गाव नाही. बुधवारी चर्चमध्ये नोव्हेना, बस मुंगीच्या पावलानं. डिसेंबरात मखदूमबाबांची जत्रा. पावसाळ्यात तर विषयच संपला. लोकलनं तीन-चार मिनिटं लागतात, पण लोकलचं नाव काढलं की सबबच उरत नाही, म्हणून मी ते काढत नाही.

गेल्या बुधवारी बायकोनं फाइल हातात दिली आणि दार लावून घेतलं. सवयीनं बसच पकडली. व्हायचं तेच झालं, चर्चपाशी अडकलो. खिडकीखाली नवसाच्या मेणाच्या वस्तू मांडलेल्या: हात, पाय, बाळ, घर. छोटंसं कौलारू घर, खिडक्यांसकट.

ज्या रस्त्यावर अडकलो होतो, त्याचं नाव एल. जे. रोड. लेडी जमशेटजी, म्हणजे आवाबाई जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्या काळी माहीमहून वांद्र्याला जायचं तर खाडी होडीनं ओलांडावी लागे. होड्या उलटत, माणसं बुडत. रस्ता हवा, हे सगळ्यांना पटलेलं. पण कंपनी सरकार पैसा सोडेना आणि घोंगडं भिजत पडलेलं. अखेर आवाबाईंनी स्वतःचे पैसे दिले. १८४३ मध्ये काम सुरू झालं, १८४५ मध्ये कॉजवे खुला झाला. अट एकच, टोल घ्यायचा नाही.

बाईंनी दिले एकूण १ लाख ५७ हजार. माझा जीव त्या वरच्या ५७ हजारांत अडकतो. आधी लाखच दिले होते. ते संपले आणि बाईंनी उरलेलेही दिले. मी असतो तर आधी अचूक अंदाजपत्रक मागितलं असतं, आणि लोक अजून होडीची वाट बघत बसले असते.

बस हलेना, म्हणून फाइल उघडली. चार वर्षांत सर्टिफिकेट कितीदा बाहेर काढलं, आत ठेवलं, पण पालथं करून कधी पाहिलं नव्हतं. ते केलं. मागे हस्तांतराचे रकाने छापलेले, सगळे कोरे.

ताईनं चहा ठेवला. अर्जावर फुल्या मारलेल्या तीन जागा. दोन सह्या झाल्या, तिसरीपाशी पेन थांबलं.

"आता बाबांच्या नावावर काट मारणार ना रे हे लोक?"

म्हणजे तिनंही इतकी वर्षं एकदाही आठवण का करून दिली नव्हती, ते कळलं.

"नाही गं," मी सर्टिफिकेट उलटं करून दाखवलं. "माझं नाव इथे चढवतात, मागे. पुढचं आहे तसंच राहतं."

ताईनं चष्मा लावला, कागद पुन्हा सुलटा केला आणि खात्री करून घेतली. मग तिसरी सही केली.